वय, कान आणि नवं गाणं : इंदुरी श्रोत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगर या भागांतल्या घरगुती श्रवण-बैठकींना तीन पिढ्या एकत्र बसतात, आणि गाणं संपलं की खरी बैठक सुरू होते. "ही कसली गाणी?" इथून सुरुवात होते आणि "आजोबा, तुम्ही ऐकूनच घेत नाही" इथे गाडी अडते. पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न खाली घेतले आहेत. एखादा अभ्यास सांगितला असेल तर तो कुठल्या लोकांवर झाला तेही दिलं आहे, कारण बरेचसे अभ्यास अमेरिका-इंग्लंडकडचे आहेत आणि जेल रोडच्या माणसाला ते जसेच्या तसे लागू पडतील असं नाही. बाकीची मतं माझी. वाद घालायला मोकळीक आहे.

वय वाढलं की नवी गाणी आवडेनाशी होतात, हे खरं का?

सरासरी काढली तर हो. पण या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, आयुष्यात गाण्याला किती जागा आहे. दुसरी, त्या जागेत नव्या गाण्याला किती वाटा मिळतो.

केंब्रिजच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. किशोरवयात आणि तरुणपणी संगीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि ऐकणंही सर्वांत जास्त होतं, पुढे दोन्ही उतरत जातात, असं त्यात दिसलं. आवडही सरकते. दणदणीत, आक्रमक संगीत किशोरवयानंतर मागे पडतं, त्या-त्या काळातलं चलतीचं संगीत मध्यमवयापर्यंत टिकून मग ओसरतं, आणि शास्त्रीय, जॅझ किंवा साध्या लोकगीतांच्या वळणाचं संगीत उत्तरायुष्यात वर येतं.

उतरतं म्हणजे संपतं असं मात्र नाही. नवं गाणं ज्यांना अजिबात चालत नाही असे सत्तरीतले लोक मला फार थोडे भेटले. ज्यांच्यापर्यंत नवं गाणं पोचतच नाही असे खूप भेटले. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे.

नेमक्या कुठल्या वयातली गाणी मनाला चिकटतात?

दोन आकडे सारखे सांगितले जातात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिला आकडा साडेतेवीस. अमेरिकेत मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये १६ ते ८६ वयाच्या १०८ जणांना २८ लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले. गाणी १९३२ ते १९८६ या काळातली होती. प्रत्येकाला जास्त आवडलेली गाणी तो साधारण साडेतेवीस वर्षांचा असताना गाजलेली होती. दुसरा आकडा तेरा-चौदा. अमेरिकेतल्याच, स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या ॲपवरच्या नोंदी तपासून सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ यांनी २०१८ मध्ये दाखवलं की मोठेपणी लोक पुन्हा पुन्हा लावतात ती गाणी त्यांच्या कुमारवयातली असतात. स्त्रियांचा कळस तेराव्या वर्षाच्या आसपास, पुरुषांचा चौदाव्या.

दहा वर्षांचा हा फरक कशामुळे? पद्धत वेगळी, काळ वेगळा, आणि "हे आवडतं का?" असं विचारणं वेगळं, माणूस एकटा असताना काय लावतो हे पाहणं वेगळं. मी तेरा ते तेवीस हा पट्टा धरून चालतो.

हा पट्टा इंदुरावर ठेवून पाहा. १९४५ साली जन्मलेले आजोबा १९५८ मध्ये तेरा वर्षांचे. तेव्हा आकाशवाणीचं इंदूर केंद्र नवं, विविध भारती तर वर्षभराचीच, आणि रेडिओ सिलोनवरच्या बुधवार रात्रीच्या गीतमालेला पाच-सहा वर्षं झालेली. ते तेविसाचे झाले १९६८ मध्ये. शेजारच्या खांडव्याचा आणि इथल्या क्रिश्चन कॉलेजात शिकलेला किशोरकुमार देशभर एक नंबरला पोचला तो त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांत. आता १९८८ ची मुलगी घ्या. तिचं तेरावं वर्ष २००१, आणि त्याच वर्षी रेडिओ मिर्चीचं पहिलं केंद्र इंदुरात सुरू झालं. या दोघांना एका खोलीत बसवून "चांगलं गाणं कुठलं?" असं विचारलं तर भांडण होणारच.

पण त्याच वयातली का? पस्तिशीतलं गाणं तितकं का रुजत नाही?

आठवणींचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट सतत दिसते. म्हाताऱ्या माणसाला आयुष्यातले प्रसंग सांगायला सांगितले की साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त येतात. आठवणींच्या आलेखावर तिथे उंचवटा असतो. पहिलं हॉस्टेल, पहिली नोकरी, पहिला पगार, कॉलेजचं गॅदरिंग, मनातल्या मनात केलेलं पहिलं प्रेम हे सगळं त्याच वर्षांत घडतं, आणि मागे कुठेतरी गाणं चालू असतं. पस्तिशीत गाणं तेवढंच चांगलं असतं, पण मागे चालू असतं ते मुलाचं होमवर्क.

मित्रमंडळींचाही यात मोठा हात आहे. सोळाव्या वर्षी कोण काय ऐकतं यावरून टोळकी ठरतात. गझल ऐकणारे एका कट्ट्यावर, इंग्रजी ऐकणारे दुसऱ्या. त्या वयात गाणं म्हणजे आपण कोण हे सांगायची सोय असते. चाळिशीत ती गरज उरत नाही, तुमची ओळख तुमच्या कामाने आणि घराने झालेली असते.

तिसरं कारण मेंदूचं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २०११ मध्ये झालेल्या प्रयोगात दिसलं की आवडत्या गाण्याच्या उत्कट क्षणी मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवतं, आणि त्या क्षणाच्या आधी, नुसत्या अपेक्षेनेही स्रवतं. पुढे काय येणार हे माहीत असेल तरच अपेक्षा करता येते. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. समेची, म्हणजे ताल फिरून पहिल्या मात्रेवर येण्याची, वाट पाहण्यातलं सुख ज्याला ताल कळतो त्यालाच. ओळखीच्या गाण्यात अशा समा जागोजागी असतात. नव्या गाण्यात सम कुठे आहे हेच अजून ठाऊक नसतं, आणि बहुतेक लोक ती सापडायच्या आतच बोट पुढे सरकवतात.

जुनी गाणी खरंच जास्त चांगली होती. हे मान्य करायला काय हरकत आहे?

थोडी हरकत आहे.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. हिंदी चित्रपटगीतं उथळ आहेत, परदेशी चालींनी बिघडलेली आहेत, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. श्रोते काय गप्प बसतात? त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढून सरकारला आपले श्रोते परत बोलवावे लागले. आज ज्याला आपण हिंदी गाण्याचा सुवर्णकाळ म्हणतो, आणि "आता तसं होणे नाही" म्हणून उसासे टाकतो, त्याच काळातल्या गाण्यांविषयी एक विद्वान, रसिक मंत्री हे म्हणत होता. केसकर मूर्ख नव्हते. त्यांचा कान आधीच्या गाण्यावर तयार झालेला होता, इतकंच.

शिवाय जुन्या काळातली वाईट गाणी आपल्यापर्यंत पोचलेलीच नाहीत. त्या काळातही दर वर्षी ढिगाने सुमार गाणी निघत. सत्तर वर्षांनी उरली ती निवडलेली. आजच्या गाण्यांची अशी निवड अजून व्हायची आहे, त्यामुळे आपण आजचा अख्खा ढीग जुन्या गाण्यांच्या वेच्यांशी ताडून पाहतो.

तरीही काही बदल खरोखर झाले आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. आवाजाचा चढउतार दाबून सगळं गाणं एकाच मोठ्या पातळीवर आणायची पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली. हळू भाग हळू राहिला नाही, त्यामुळे कान थकतो. स्ट्रीमिंगवर साधारण ३० सेकंद ऐकलं की ते ऐकणं मोजलं जातं, म्हणून मुखडा लवकर आणायची घाई असते. लांबलचक सुरावट, मग सावकाश मुखडा, ही चैन कमी झाली. पण "आजची गाणी फारच छोटी" ही तक्रार ऐकली की मला मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या आठवतात. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, आणि तेवढ्यात मोठमोठे गवई अख्खा ख्याल बसवत.

मग माझ्या सतरा वर्षांच्या मुलीला माझ्या आईच्या काळातली गाणी का आवडतात?

कारण ती तिने तुमच्या घरात ऐकली. कॅरोल क्रमहान्सल आणि जस्टिन झुप्निक यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या साधारण वीस वर्षांच्या तरुणांना गेल्या अनेक दशकांतली गाजलेली गाणी ऐकवली. त्यांच्या स्वतःच्या वयातल्या गाण्यांवर जीव असणार हे अपेक्षितच होतं. पण आईवडील तरुण होते त्या काळातल्या गाण्यांपाशीही उंचवटा निघाला, आणि त्याच्याही मागे, १९६० च्या दशकापाशी, आणखी एक. गाण्याचा वारसा असा पायरीपायरीने उतरतो.

इंदूरच्या मराठी घरात याला आणखी एक पदर आहे, आणि मला वाटतं तो पुण्या-मुंबईकडच्यांच्या लक्षात येत नाही. इथे हिंदी गाणं रस्त्यावर होतं. पानाच्या टपरीवर, पोह्याच्या गाडीवर, टेम्पोत. मराठी गाणं मात्र घरातच. नाट्यपद, भावगीत, अभंग, आरत्या, पुण्याहून आलेल्या मामाने आणलेली कॅसेट. रस्त्यावर नवं मराठी गाणं कानावर पडायची सोय नव्हती, त्यामुळे घरातला साठा एका काळापाशी थांबला. कित्येक इंदुरी घरांत मराठी गाणं म्हणजे आजीचं गाणं. हिंदीत आमची मुलं आजच्या तारखेला असतात आणि मराठीत पन्नास-साठ वर्षं मागे, आणि दोन्ही त्यांना सारखंच सहज वाटतं. मोबाईल आल्यावर हे थोडं बदललं आहे. नवं मराठी गाणं आता सुदामानगरात त्याच दिवशी पोचतं, मागवलं तर.

वय झालं की शास्त्रीय संगीत आपोआप आवडू लागतं का?

आपोआप काही होत नाही.

वर सांगितलेल्या केंब्रिजच्या अभ्यासात उतारवयाचे लोक शास्त्रीय वळणाच्या संगीताकडे झुकलेले दिसतात हे खरं. पण एकाच काळातल्या वीस वर्षांच्या आणि सत्तर वर्षांच्या माणसांची तुलना केली की दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. त्यांचं वय वेगळं आहे आणि त्यांचा जमानाही वेगळा आहे. आजच्या सत्तरीतल्या माणसाला शास्त्रीय आवडतं ते सत्तरी आली म्हणून, की त्याच्या लहानपणी रेडिओवर ते रोज लागायचं म्हणून? खरं उत्तर मिळवायचं तर तीच माणसं पन्नास वर्षं धरून ठेवावी लागतील.

माझं मत दुसऱ्या बाजूला जास्त झुकतं. उदाहरण आमच्या इंदूरचंच घेतो. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) इथेच वाढले, वडील शाहमीर खाँ सारंगिये. अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित, म्हणजे फार संथ लयीतला ख्याल, चौदा मात्रांचा झुमरा ताल, त्याच सुरांचे निरनिराळे क्रम लावत एकेक सूर उलगडत जाणारी मेरुखंडाची बढत, हे विशीतल्या पोराला कंटाळवाणं वाटावं अशीच गायकी आहे. आणि बहुतेकांना वाटतंच. "चाळिशीनंतर कळेल," असं म्हातारे सांगतात. पण ज्यांना चाळिशीनंतर कळलं त्यांना विचारा. त्यांच्या घरी कोणीतरी ते लावत होतं, किंवा एखाद्या मित्राने ओढत नेऊन बसवलं होतं. ज्यांच्या कानावर ते कधीच पडलं नाही अशा साठ वर्षांच्या माणसांना ते विशीतल्या पोराइतकंच लांबलचक वाटतं. वयाने संथपणाची सवय होते, घाई कमी होते, एवढा हातभार मी मान्य करतो. बाकीचं काम ऐकण्याने होतं.

इंदुरात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ शासनाचा संगीत समारोह होतो. तिथे मागच्या रांगेत बसून डोकं हलवणारी कॉलेजची मुलं दिसतात, हेही सांगून ठेवतो.

मोठ्या वयात कान खरोखर बदलल्याचं एखादं उदाहरण? कुमार गंधर्व?

कुमारजींचं नाव या प्रश्नाला नेहमी येतं, पण उदाहरण म्हणून ते बरोबर बसत नाही. क्षयामुळे कोरड्या हवेसाठी ते १९४८ च्या सुरुवातीला देवासला आले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. म्हणजे भर पट्ट्यात. पुढची काही वर्षं गाणं बंद, अंथरुणावर पडून ऐकणं तेवढं हातात. बाहेरून येत होती माळव्याची लोकगीतं, बायकांची, फिरत्या गाणाऱ्यांची. त्यातून पुढे त्यांनी लोकधुनांवरून नवे राग बांधले, आणि नाथपंथी, निर्गुणी भजनं मैफलीत आणली.

उदाहरण घ्यायचंच तर त्यांच्या श्रोत्यांचं घ्या. आजारातून उठलेले कुमारजी परत गायला लागले तेव्हा मुरलेल्या, पन्नाशीतल्या श्रोत्यांना ते गाणं तुटक वाटलं, घराण्याची शिस्त मोडणारं वाटलं. टीका जोरदार झाली. त्यातले काही शेवटपर्यंत विरोधातच राहिले. पण पुष्कळजण बदलले, आणि ते केवळ लेख वाचून बदलले नाहीत. मैफलीला जात राहिले, भांडत राहिले, पुन्हा जात राहिले. देवास इथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. आमच्या आधीच्या पिढीत अशी माणसं इंदुरात गल्लोगल्ली होती. सुरुवातीला नाक मुरडलं आणि नंतर कुमारजींविरुद्ध एक शब्द ऐकून घेतला नाही, अशी.

नवं गाणं आवडायला किती वेळा ऐकावं लागतं?

ठरावीक आकडा नाही. तत्त्व मात्र जुनं आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती जास्त आवडू लागते. संगीतात याला मर्यादाही आहे. आवड वाढत जाते, कळस गाठते आणि अति झालं की घसरते. साधी गाणी लवकर आवडतात आणि लवकर विटतात. गुंतागुंतीच्या संगीताला वेळ लागतो, पण ते टिकतं.

रेडिओच्या काळात ही मेहनत आपल्याला करावी लागत नव्हती. काय लागेल ते ठरवणं आपल्या हातात नव्हतं, त्यामुळे न आवडणारं गाणंही आठवड्यात चार वेळा कानावर पडे आणि पाचव्या वेळी आपण ते गुणगुणत असू. आता न आवडलेलं गाणं पाच सेकंदांत उडवता येतं. त्यामुळे आवडीला पिकायला वेळच मिळत नाही.

मी लोकांना सांगतो ते एवढंच. महिन्याला एकच नवा गायक किंवा एकच नवा अल्बम घ्या. स्वयंपाक करताना, फिरायला जाताना लावा, मुद्दाम कान टवकारून बसू नका. आठ-दहा दिवस झाल्याशिवाय मत देऊ नका. मग नाही आवडला तर खुशाल सोडा.

ॲप स्वतःच नवी गाणी सुचवतं. मग अडचण कुठे आहे?

ॲप तुमच्या मागच्या ऐकण्यावरून सुचवतं. तुम्ही आयुष्यभर एकाच गायिकेची गाणी ऐकली असतील तर ते तिचीच न ऐकलेली गाणी काढून देईल. घरात एकच खातं सगळे वापरत असाल तर बालगीतं, आरत्या आणि रॅप यांचा असा काला होतो की कोणाचंच समाधान होत नाही. माणसाने सुचवलेलं गाणं जास्त चालतं. नातवाने "आबा, हे ऐकाच" म्हणून पाठवलेलं गाणं आबा तीन वेळा ऐकतात. ॲपने सुचवलेलं ऐकत नाहीत.

चाळिशीत नवं ऐकायला वेळच मिळत नाही. नंतर ऐकलं तर चालेल?

चालेल. अमेरिकन श्रोत्यांच्या स्पॉटिफाय नोंदींवरून २०१५ मध्ये झालेल्या एका विश्लेषणात दिसलं की विशीनंतर लोक चलतीच्या गाण्यांपासून दूर सरकत जातात आणि तिशीच्या मध्यापर्यंत बराचसा ओघ थांबतो. लहान मुलं असलेल्या घरांत तर लवकरच. हप्ते, ऑफिस, मुलांच्या शिकवण्या, यात गाणं मागे पडणारच. पण निवृत्तीनंतर वेळ परत येतो आणि कित्येकांची भूकही परत येते, हे मी डोळ्यांनी पाहतो. आमच्या बैठकीत सर्वांत जास्त प्रश्न विचारणारे श्रोते साठीच्या पुढचे आहेत.

हल्लीच्या गाण्यातले शब्दच कळत नाहीत. दोष गाण्याचा की कानाचा?

दोघांचाही असू शकतो, म्हणून आधी कान तपासून घ्या. तरुण, निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. वय वाढतं तसे वरचे, तीक्ष्ण आवाज आधी जातात. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच वरच्या भागात असते. त्यामुळे स्वर ऐकू येतो, चाल कळते, शब्द मात्र पुसट होतात. त्यात मागे ढोल, बेस आणि चार कृत्रिम आवाजांचे थर असतील तर शब्द बुडालेच. जुन्या गाण्यांत आवाज पुढे आणि वाद्यं मागे असत, शिवाय शब्द पाठ असतात, म्हणून "तेव्हा सगळं स्पष्ट होतं" असं वाटतं.

आणखी एक विचित्र गोष्ट होते. वयस्क कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, आणि थोडा वाढवला की तोच एकदम असह्य होतो. मधली पट्टी अरुंद होते. म्हणून रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे मिरवणुकीत, राजवाड्यापाशी डीजे लागला की आजोबा कानांवर हात ठेवतात. त्यात चिडचिडेपणा नसतो, त्यांना ते खरोखर दुखतं. "आजोबांना काही आवडतच नाही" असं म्हणण्याआधी नातवंडांनी एवढं लक्षात घ्यावं.

नातवंडांच्या कानांचंही तसंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलचा फक्त ४ तास. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीपुढे एक संध्याकाळ नाचलं की आठवड्याचा कोटा केव्हाच संपलेला असतो. अशी झालेली हानी भरून येत नाही.

श्रवणयंत्र असेल तर ते देणाऱ्याला संगीतासाठी वेगळी सेटिंग मागा. नेहमीची सेटिंग बोलणं ऐकू यावं म्हणून केलेली असते. तिच्यात तानपुरा कधीकधी नको असलेला आवाज म्हणून दाबला जातो.

मी भजनी मंडळात गाते. पूर्वी काळी चारला गायचे, आता जमत नाही. हेही वयामुळेच?

हो. रजोनिवृत्तीनंतर बायकांचा आवाज सहसा खाली उतरतो. पुरुषांचा म्हातारपणी किंचित वर सरकतो आणि पातळ होतो. पट्टी उतरवा, त्यात कमीपणा काही नाही. पेटीवाल्याला काळी दोन किंवा पांढरी दोनला बसायला सांगा. मंडळातल्या सगळ्याच जणी साठीच्या पुढच्या असतील तर जुन्या पट्टीचा आग्रह धरून कोणाचंच भलं होत नाही.

विस्मरणाच्या आजारात आईला जुनी गाणी लावावीत का? कुठली?

लावावीत. अल्झायमरमध्ये जुन्या गाण्यांची आठवण इतर आठवणींच्या मानाने बराच काळ शाबूत राहते. गाण्याने आजार बरा होत नाही, पण अस्वस्थता कमी होऊ शकते आणि बोलणं थांबलेली व्यक्ती शब्द गुणगुणू शकते.

निवड करताना तुमची आवड बाजूला ठेवा. आईच्या जन्मवर्षात दहा मिळवून एक वर्ष काढा आणि पंचवीस मिळवून दुसरं. या दोहोंच्या मधल्या वर्षांतली गाणी आधी शोधा. ती तेव्हा कुठे होती हेही विचारात घ्या. इंदुरात वाढली असेल तर हिंदी चालतील. नागपूरहून किंवा साताऱ्याहून लग्न करून आली असेल तर तिच्या पट्ट्यातली गाणी बहुधा मराठी असतील आणि ती तुमच्या ओळखीची नसतील. मामा-मावशींना फोन करा, त्यांना माहीत असतं. रेडिओवरच्या गाण्यांपेक्षा आधीची म्हणजे ओव्या, भोंडल्याची गाणी, संध्याकाळचं शुभंकरोती, हे अनेकदा सर्वांत खोलवर असतं आणि त्याची रेकॉर्डिंग मिळत नाहीत. तेव्हा तुम्हीच म्हणा. बेसूर चालेल.

आवाज बेताचा ठेवा, दिवसभर लावून ठेवू नका आणि चेहऱ्याकडे लक्ष असू द्या. एखादं गाणं जुनं दुःखही घेऊन येतं. तसं दिसलं तर बदला, आणि ते गाणं लिहून ठेवा म्हणजे घरातलं दुसरं कोणी चुकून लावणार नाही.

गाडीत कोणाची गाणी लावायची?

उज्जैन किंवा ओंकारेश्वरला निघालेल्या गाडीत हा प्रश्न हमखास निघतो. आमच्याकडे पाळी असते. प्रत्येकाचं एक गाणं, पूर्ण ऐकायचं, मध्ये शेरेबाजी नाही. चालवणाऱ्याला नकाराधिकार. घाट लागला की सगळं बंद.

नवं ऐकलंच नाही तर काय बिघडतं?

काही नाही. ज्याला त्याच पन्नास गाण्यांत सुख आहे त्याने ती ऐकावीत. फक्त बाकीच्यांच्या गाण्यांवर निकाल देऊ नये.

नातवाला शास्त्रीयाची गोडी लावायची आहे. कधीपासून सुरू करू?

लवकर. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड हारग्रीव्ह्ज यांनी १९८२ मध्ये मांडलं की लहान मुलांचे कान अनोळखी संगीताला मोठ्या मुलांपेक्षा जास्त मोकळे असतात. नंतरच्या अभ्यासांतही प्राथमिक शाळेच्या वर्षांत हा मोकळेपणा कमी होत गेलेला दिसतो. दहा-अकरा वर्षांचं मूल वर्गात काय चालतं ते पाहून आपली आवड ठरवू लागतं. तेव्हा पाच-सहा वर्षांचा असतानाच घरात लावायला सुरुवात करा. त्याला समोर बसवू नका, "ऐक, हे उच्च आहे" असं तर अजिबात सांगू नका. तो जमिनीवर ब्लॉक्स रचत असताना मागे द्रुत बंदिश किंवा तराणा चालू द्या. विलंबित नंतर. कधी गायकाचे हातवारे करून दाखवायला लागला तर रागावू नका, तो ऐकतो आहे. आणि त्याने त्याचं गाणं लावायला सांगितलं तर तेही पूर्ण ऐका.